निघालेल्या माणसाला ‘कुठं’ विचारू नये

पिशवी खांद्याला होती, एक पाय उंबऱ्याबाहेर पडला होता, आणि माझी धाकटी बहीण इंदू, सात वर्षांची, पडवीच्या खांबाला धरून म्हणाली, “दादा, कुठं चाललास?”

झालं! आमच्याकडं निघालेल्या माणसाला ‘कुठं’ विचारीत नाहीत. काम फसतं म्हणतात. ‘लांब काय?’ एवढंच विचारायचं. कुणी चुकून विचारलंच तर लोक परत आत येतात, घोटभर पाणी पितात आणि निघतात. पण माझ्या बापाचा कायदा कडक. ‘कुठं’ कानावर पडलं की त्या दिवशी निघायचंच नाही. बापानं माझी पिशवी खुंटीला अडकवली आणि म्हणाला, “बस आता. यष्टी उद्या पण हाय.” इंदूला एका शब्दानं बोलला नाही. आई चुलीकडं तोंड करून बसली होती, ती उठली आणि माझ्या वाटणीचे तांदूळ पुन्हा धुवायला घेतले. दुसऱ्या दिवशी इंदू झोपेत असताना मी डोंगर उतरलो आणि पोलादपूरला मुंबैची यष्टी धरली.

वाडीत राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखं वाडी सोडून गेलेल्यांनो, तुम्हा दोघांसाठी हे लिहितोय. माझी शाळा चौथीपर्यंत. चुका काढायच्या असतील त्यांनी आधी आपल्या पोरांच्या वह्या काढाव्यात. पण मला जे कळलं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण ते कळलं चालत्या गाडीत, आणि तेही गाडी चुकल्यामुळं.

मुंबैला मी लिफ्ट चालवली. सोळा मजल्यांची बिल्डिंग, फोर्टात. लोखंडी जाळीचं दार, लाकडी स्टूल, आणि त्यावर मी. बत्तीस वर्षं. एकदा दार ओढलं आणि तिथं मजला नव्हता असं माझ्या हातून कधी झालं नाही, हे लिहून ठेवा. साहेब लोक म्हणायचे, “तुझी मजा आहे, दिवसभर बसून प्रवास.” मीही मिशीला पीळ देऊन हो म्हणायचो. वाडीत सुट्टीवर आलो की पोरांना सांगायचो, मी दिवसातून शंभर वेळा वर जातो. पोरं आ करून बघायची. खरं सांगतो, मलाही तेव्हा वाटायचं की मी सुटलो. बाप रोज त्याच बांधावर, आणि मी कुठल्या कुठं!

आता माझा मुलगा महेश. खारघरला चौदाव्या मजल्यावर राहतो, मी त्याच्याकडं. सकाळी विमानानं बंगळूर, रात्री जेवायला घरी. मला एकदा विमानात बसवलं त्यानं. काय सांगू! ढग खाली आणि आपण वर, पोटात नुसत्या गुदगुल्या. मी जुन्या वळणाचा असलो तरी वेगाच्या विरोधात नाही. मला वेग आवडतो. पण महेश म्हणतो, “बाबा, तुमच्या वेळी माणूस बांधलेला होता. आता बघा, कुठेही जा, कधीही जा, सगळे मोकळे.” आणि हे सांगताना त्याच्या हातातला फोन थरथरतो, आणि पलीकडचा पहिला शब्द काय? “कुठे आहेस?” गाडी मागवली तरी फोन आधी विचारतो, कुठे जायचे आहे? मी तर प्रत्येक वेळी घोटभर पाणी पितो. सूनबाई हसते. हसू दे.

यंदा मी हट्ट धरला की इंदूकडं एकटा जाणार. इंदू दासगावला दिलेली. नवरा गेला, पोरं ठाण्याला, ती एकटी सावित्रीच्या काठाला. फोनवर म्हणाली होती, “दादा, ये रे एकदा. आपलं वाडीतलं वरचं घर बंद पडलंय, दोघं जाऊन उघडू. यंदा नाय उघडलं तर परत कोण उघडणार?” तिच्या आवाजात काहीतरी होतं. महेश म्हणाला, पुढच्या महिन्यात सुट्टी काढून कारनं सोडतो. मी म्हटलं, लिफ्टमन होतो मी, पार्सल नव्हतो.

तर पनवेल स्टेशनात महेशनं मला बाकावर बसवलं, हातात वीरचं तिकीट दिलं, दासगावला तेच स्टेशन जवळचं, आणि त्याला विमान गाठायचं होतं म्हणून गेला. माझ्या गाडीला वेळ होता. तिच्याआधी दुसरी आली. कोकणातलीच दिसत होती, लोक आपल्यातलेच दिसत होते. मी चढलो. तुम्ही म्हणाल, विचारलं का नाही? अरे, निघालेल्या माणसाला विचारत नाहीत, मग निघालेल्या गाडीला कसं विचारायचं? माझ्या डोक्यात बापाचा कायदा! आणि थोडी मिजास पण होती, खोटं कशाला बोलू.

माणगाव गेलं. मी पिशवी मांडीवर घेऊन दाराशी उभा राहिलो. शेजारी रत्नागिरीकडचा एक गृहस्थ होता. म्हणाला, “काका, एवढ्यात कशाला उठलात?”

“वीरला उतरायचंय.”

“ही वीरला थांबत नाय. आता खेड.”

“थांबत नाय म्हणजे? वीर वाटेत हाय ना?”

“वाटेत हाय. थांबत नाय.”

आणि खरंच, वीर आलं आणि गेलं! फलाट, बाक, पिंपाचा नळ, हिरव्या लुगड्यातली एक बाई, सगळं सर्रकन मागं. ती बाई इंदू होती. मी ओरडलो, “इंदे!” दारातून हात पण काढला, त्या गृहस्थानं मला मागं ओढलं. लगेच फोन वाजला. “दादा, तू गेलास की रे!” इंदू पलीकडं हसत होती की रडत होती, कळेना. आणि मला घाम फुटला, कारण इंदूचे गुडघे गेलेत, ती कशीतरी रिक्षा करून वीरला आली होती, आणि मी तिच्या डोळ्यांसमोरून वाऱ्यासारखा निघून गेलो.

तिथं माझ्या डोक्यात दिवा लागला. बत्तीस वर्षं मी हजार माणसांना त्यांच्या त्यांच्या मजल्यावर सोडलं, आणि आज माझाच मजला समोरून गेला! लिफ्टमध्ये तरी मी कुठं मोकळा होतो? बटण दाबणारा दुसरा. तो सांगेल तिथं थांबायचं. मला सातव्या मजल्यावरच्या खिडकीतून बोटी बघायला आवडायचं, पण सातव्यावर कुणी बटण दाबलं तरच बोट दिसायची. महेशचं विमान तसंच. फिरणं म्हणजे मोकळं असणं, हे मला कुणी सांगू नये. जायला गाडी नाही म्हणून आता कुणी अडत नाही. माणूस अडतो ते थांबायला मिळत नाही म्हणून.

पण थांबा, अजून मजा पुढंच आहे. खेडला उतरलो, रिक्षानं स्टँड गाठला आणि महाडच्या यष्टीत बसलो. म्हणजे मुंबैहून मी जन्मात पहिल्यांदा माझ्या गावाला उलट्या बाजूनं निघालो! पूर्वी कशेडीचा घाट चढताना अर्धी यष्टी ओकायला खिडकीतून वाकलेली असायची. आता बोगदा! दिव्यांची रांग, गारेगार वारा, आणि बोटं मोजायच्या आत डोंगर पार. मी लहान पोरासारखा हसत होतो. कंडक्टर म्हणाला, “काका, पयल्यांदाच काय?” मी म्हटलं, “बोगदा पहिल्यांदा. डोंगर माझाच हाय.”

तेवढ्यात सुचलं. इंदूला फोन केला, “दासगावला परत जाऊ नकोस गो. रिक्षावाल्याला पोलादपूरला घ्यायला सांग. मी स्टँडवर उतरतो.” आणि ज्या स्टँडवरून मी एकटा गेलो होतो, त्याच स्टँडवर साठ वर्षांनी इंदू रिक्षातून उतरली. मला बघून पहिला शब्द, “आंधळा झालास काय रे दादा? गाडीवर लिहिलेलं वाचता येत नाय?”

“वाचता येतं. वाचलं नाय.”

“चौथी पास!” म्हणाली आणि पदर तोंडाला लावला.

वाडीपर्यंत आता डांबरी गेलीय. शेजारच्यांकडून किल्ली घेऊन दोघांनी कुलूप उघडलं. दार फुगलं होतं. इंदूनं खांदा लावला, मी खांदा लावला, आणि दार उघडलं तशी दोघं आत जाऊन पडता पडता वाचलो. तिनं चूल पेटवली, नाचणीच्या भाकऱ्या थापल्या, मी केर काढला. जेवताना तिला म्हटलं, “तुझ्या त्या ‘कुठं’मुळं माझा एक दिवस गेला होता, आठवतं काय?”

भाकरी मोडता मोडता ती म्हणाली, “गेला नाय. मी ठेवला होता. मला म्हाईत होतं इचारायचं नसतं. म्हणून तर इचारलं.”

सात वर्षांची पोर! आणि बापालाही ते कळलं असणार. म्हणून तो तिला बोलला नाही. त्याचा कायदा कडक होता कारण त्याला तेवढंच करता येत होतं. मला थांबवायला त्याच्याकडं दुसरं काय होतं? मी मात्र आयुष्यभर लोकांना सांगत राहिलो की आमच्या घरी अडाणी समजुती होत्या.

चौथ्या दिवशी माझं परतीचं तिकीट होतं. वीरला थांबणारीच गाडी, महेशनं दोनदा खात्री केली होती. सकाळी रिक्षा दारात आली. मी पिशवी खांद्याला लावली, एक पाय उंबऱ्याबाहेर टाकला. इंदू पडवीच्या त्याच खांबाला धरून उभी होती. तोंडावरची एक रेष हलू दिली नाही.

“दादा, कुठं चाललास?”

रिक्षावाला ओरडला, “मावशे, असं इचारतात काय निघालेल्या माणसाला!”

मी चपला काढल्या, पिशवी खुंटीला लावली आणि पाणी प्यालो. त्याला म्हटलं, “जा तू. आज नाय.”

दुपारी महेशचा फोन. “बाबा, कुठे आहात?” खारघरला याच प्रश्नाला मी ‘वर आहे’ नाहीतर ‘खाली आहे’ असं सांगत आलो. लिफ्टची सवय. आज तोंडातून दुसरंच निघालं. “घरी,” म्हटलं. तो म्हणाला, “मग निघणार कधी?”

“निघालोच होतो. तुझ्या आत्यानं ‘कुठं’ विचारलं. आता तू पण विचारलंस. म्हणजे उद्याचा दिवस पण गेला.”

तो हसला. पण पोरगा रोज फोन करतो, आणि रोज त्याचा पहिला शब्द तोच. इंदू चुलीपाशी बसून बोटांवर दिवस मोजते. आज अकरावा दिवस.