मिठातली धिंगरी

मिठातल्या मिरच्या गच्चीवर वाळत घातल्या, की त्या वासानं माझं अजून डोकं फिरतं. भूकंपानंतर रेणापूरच्या आमच्या दारात पत्र्याचं शेड उभं राहिलं होतं. घरात निजायची भीती गेली, तेव्हा ते मी अळिंबीच्या, म्हणजे मशरूमच्या, लागवडीसाठी घेतलं. लातूरला क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवायचो आणि रविवारी इथं येऊन धिंगरी अळिंबीच्या वाणांचा संकर करायचो, कारण मिळणारं वाण उन्हाळ्यात पत्र्याखाली जीव धरत नव्हतं. चार वर्षं पिशव्या नुसत्या सडल्या. मग एका एप्रिलमध्ये, सोयाबीनच्या भुसकटाच्या एकाच पिशवीवर इवल्या कळ्या दिसल्या. मंगळवारी येऊन फुललेल्या अळिंबीचा ताजा तुकडा बाटलीत वाढवायचा, की वाण हाती आलं. पण क्लासवाल्यांनी जादा बॅच लावली आणि मी शुक्रवारपर्यंत अडकलो. परतलो तर पिशवीच नाही. आई म्हणाली, "लई नाजूक होतं रे, नासलं असतं. तुझ्यासाठीच मीठ लावून वाळू घातलं. भुसकट शेळीला टाकलं." मिठानं मेलेल्या तुकड्यातून काय उगवणार? मी ओरडलो, "अगं, बियाणं होतं ते!" ती म्हणाली, "मग सांगून जायचं न्हाई का?" रात्री तिनं त्याच वाळल्या तुकड्यांची भाजी करून मला वाढली. उन्हाळ्यात टिकणारं वाण निघालं होतं, याला साक्षीदार ती एकटीच. आणि तिला शेवटपर्यंत एवढंच आठवायचं, की भाजी मोठी चवदार झाली होती.