दारापुढची हरळी

आमच्या गल्लीत सगळ्या रो-हाऊसवाल्यांनी दारापुढच्या जागेत फरशी बसवून घेतली होती. आमच्याच दारात तेवढं गवत होतं.

ह्यांचं सगळं आयुष्य उधन्याच्या कापड कारखान्यात लूम चालवण्यात गेलं, तेही उभ्यानं. कान तिथेच गेले. पायांची आग मात्र घरी आली आणि कायमची राहिली. कुठल्याशा डॉक्टरनं जाता जाता सांगितलं होतं, सकाळी गवतावर अनवाणी चाला. ते ह्यांनी मनात धरून ठेवलं. पुढे दिंडोलीच्या पलीकडे हे घर घेतलं, तेव्हा घरात सामान लागायच्या आधी ह्यांनी दारापुढची खडी उचलून टाकली, आणि बारडोलीकडच्या एका शेतातून हरळीची मुळं पोत्यात भरून आणली.

गावाहून दीर आले होते, ते पोट धरून हसले. "आमची जिंदगी गेली शेतातली हरळी उपटण्यात, आणि तू पोतं भरून आणतोस?"

हेही हसले. पण एकेक काडी हातानं रोवली. पहिल्या वर्षी नुसते पुंजके दिसायचे. मग हळूहळू जमीन झाकली गेली. जागा इतकीशी की जरा चाललं की भिंत यायची, पण सकाळी चहाच्या आधी हे तिथं फेऱ्या मारायचे. मी उंबऱ्यात बसून साड्यांना स्टोन लावायची. धागे कापायची माझी कात्री घेऊन हे गवताच्या कडा कापायचे, त्यावरून आमची रोज बोलाचाली व्हायची. एवढंच होतं ते. लॉन म्हणावं असं काही नव्हतं, पण मुलगा हजिऱ्याच्या कंपनीतल्या मित्रांना "आमच्या पप्पांचं लॉन" असंच सांगायचा.

मग सोसायटीनं गटाराची लाइन बदलायला काढली. गल्ली उभी खणली गेली. माती न्यायला डंपर यायचे, आणि गल्ली अरुंद, त्यामुळे त्यांना वळायला जागा नसायची. त्या दिवशी हे आत पेपर वाचत होते. कानाशी मोठ्यानं बोलल्याशिवाय ऐकू येत नाही, पण लूमवाल्या माणसाला थरथर पायातून कळते. एकदम उठले, म्हणाले, "काहीतरी भारी आलंय दारात."

आम्ही बाहेर आलो तर भरलेला डंपर मागे घेता घेता आमची बुटकी भिंत पाडून गवतावर चढला होता. मागची चाकं रुतली होती. ड्रायव्हर गाडी काढायला जोर लावत होता आणि चाकं जागच्या जागी फिरत आणखी खाली जात होती. शेवटी जेसीबी बोलावून तो ओढून काढला. त्यात जे राहिलं होतं तेही गेलं. मध्ये गुडघाभर खड्डे, त्यात काळं तेल.

ड्रायव्हर खाली उतरून म्हणाला, "काका, घास ही तो है. फिर उग जाएगा."

ह्यांना ते ऐकू आलं नाही. मला आलं.

सोसायटीच्या प्रमुखांकडे गेलो. त्यांनी नीट बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाले, "जोई लइशुं, काका." बघून घेऊ. त्यांच्या बोलण्यावरून समजलं की भिंत कदाचित होईल, गवताचं त्यांच्या डोक्यातही शिरलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी गटाराच्या कामाचा कॉन्ट्रॅक्टर स्वतः जीपमधून आला. चाळिशीचा असेल. मी ठरवून ठेवलं होतं काय काय बोलायचं ते. पण मी घरात ह्यांना अहिराणीत हाक मारली, ती त्याच्या कानावर पडली आणि त्याचा चेहराच बदलला. ह्यांच्या कानाशी वाकून मोठ्यानं विचारलं, "बाबा, तुम्हनं गाव कोणतं?"

"पारोयाकडलं," हे म्हणाले.

"मंग तं तुम्ही आपलाच मानूस!" त्यानं ह्यांचे पाय धरले. "काही काळजी करू नका. मी सोता उभा राहीसनी करी दिसू. पह्यलासारखं." स्वतः उभं राहून करून देतो, असं.

ह्यांचे डोळे भरून आले. मी चहा केला. जे बोलायचं होतं ते तसंच राहून गेलं. तो गेल्यावर हे संध्याकाळपर्यंत मला सांगत होते, "आपला मानूस शे तो."

रात्रपाळीला निघताना मुलगा म्हणाला, "पप्पा, तो प्रमुखांशी गुजरातीत बोलतो, ड्रायव्हरशी हिंदीत बोलतो, तुमच्याशी अहिराणीत. त्याला सगळ्यांशीच बोलता येतं." पण ते त्यानं हळू म्हटलं, ह्यांना ऐकू जाणार नाही इतपत.

दिवस जाऊ लागले. हे सकाळी आंघोळ करून दारात खुर्ची टाकून बसायचे. फोन मी लावायची. "मावशी, परवा नक्की," असं तो म्हणायचा, आणि इतक्या आपुलकीनं म्हणायचा की मलाही खरं वाटायचं. पुढे तो फोन उचलेना. मुलगा म्हणाला, नर्सरीत तयार गवत मिळतं, रविवारी आणून टाकू. तर हे म्हणाले, "नको. तो येणार आहे. आपण आधीच करून घेतलं तर त्याला वाईट वाटेल."

एक दिवस खरंच ट्रॅक्टर आला. ह्यांनी मला हाक मारली, "चहा ठेव, माती आली!" ट्रॅक्टरवाल्यानं ट्रॉली उचलून सगळं दारात ओतलं आणि चहाला न थांबता गेला. वर वर काळी माती होती. हे कौतुकानं त्यात हात घालून बघायला गेले आणि हात तसाच बाहेर काढला. खाली सगळा राडारोडा. फुटक्या टाइल्स, सिमेंटचे गोळे, तारा, काचा. कुठलं तरी घर पाडलं असेल, तिथलं सगळं उचलून आणलेलं.

तरी हे खचले नाहीत. म्हणाले, "ट्रॅक्टरवाल्यानं चूक केली असेल. आपल्या माणसाला माहीत नसेल." कुणाची तरी वाळूची चाळण आणली आणि रोज थोडं थोडं चाळायला बसले. कंबर धरली तेव्हा थांबले. गल्लीतले लोक जाता-येता विचारायचे, काका, हे कधी उचलणार, घाण वाटते. ह्यांना त्यांचे ओठ हललेले दिसायचे आणि हे नुसती मान हलवायचे.

पावसाळ्यात त्या राडारोड्याचा खरा त्रास कळला. ढिगानं दारापुढची जमीन घरापेक्षा उंच झाली होती. पाणी रस्त्याकडे जाण्याऐवजी आत आलं. माझ्याकडे कामाला आलेल्या साड्यांचा गठ्ठा खाली होता, तो भिजला. आम्ही दोघं ताटांनी पाणी उपसत होतो आणि हे पुन्हा पुन्हा म्हणत होते, "एवढं व्हायला नको होतं." कुणाला म्हणत होते, कळलं नाही.

त्यानंतर मुलगा ऐकेना. ढीग उचलायचा, लेव्हल करायची आणि वर ब्लॉक बसवून टाकायचे. ह्यांनी "बरं" म्हटलं. पण भर पावसात एवढ्याशा कामाला कुणी येईना. शेवटी मुलानंच सांगितलं, "त्यालाच सांगितलंय. त्याची माणसं अजून सोसायटीतच आहेत."

"त्याला?" मी म्हटलं. "माझ्या दारात तो नको."

"मम्मी, मग कोण करणार?"



तो आला. पुन्हा पाय धरले, गावाकडे पाऊस कसा आहे ते सांगितलं. त्याच्या माणसांनी ढीग उचलला, खालची जमीन ठोकून सपाट केली आणि लाल-राखाडी ब्लॉक बसवायला घेतले. काम चांगलं करत होते, ते खोटं का सांगू. तो दारात उभा राहून बघत होता. मग सहज ह्यांच्या कानाशी वाकला.

"बाबा, आठे पह्यले काय व्हतं?"

मी चहा गाळत होते.  इथे आधी काय होतं, ते त्याला खरंच आठवत नव्हतं. नाटक असतं तर मला कळलं असतं.

ह्यांनी नव्या ब्लॉकवर पाय टेकवून बघितला. मला वाटलं, ऐकू आलं नसावं. मग म्हणाले, "काही नव्हतं."

मी चहा दिला. त्यानं घेतला.

आता तिथे मुलाची बाइक असते. त्या माणसाला शेजारच्या गल्लीचंही काम मिळालंय. आमच्या दारावरून जाताना तो जीपमधून हात वर करतो. हे खुर्चीत असले तर हेही हात वर करतात. मी दिसले तर मलाही करतो. मी आत निघून जाते.