हातातून सुटतानाचा वेग

कोनियो हितोलोनं अठ्ठावीस वर्षं गणित शिकवलं, पण निवृत्त झाल्यावरही मोजमापाची खोड काही गेली नाही. संध्याकाळी हनुआबाडा या समुद्रकाठच्या गावातल्या रस्त्यावर क्रिकेट रंगलं की ती सुपारी चघळत कठड्याशी बसे.

शेजारची गेउआ मासळी विकायची. बाजार उरकला की हात धुऊन थेट चेंडू मागायची. वय एकतीस, दोन लेकरांची आई, पण भल्याभल्यांची भंबेरी उडवायची.

एकदा तिनं गल्लीतल्या रावूचा त्रिफळा उडवला. तो चिडला. फोनवरचं चित्रण पाहून त्यानं हिशेब केला. "ताशी फक्त एकशे तीन किलोमीटर! माझ्या भावाचा वेग यंत्रावर एकशे दहा भरतो. उगाच डोक्यावर चढवलंय हिला."

गेउआचा चेहरा उतरला. कोनियो उठली.

"रावू, अख्ख्या अंतराला अख्ख्या वेळेनं भागलंस. ही सरासरी झाली. चेंडू हवेत मंदावतो, टप्प्यावर आणखी. टीव्हीवर, यंत्रावर दाखवतात तो वेग हातातून सुटतानाचा."

"पण मावशी, सुटण्याच्या त्या क्षणात चेंडू अंतर कापतोच कुठे? मोजणार काय, कपाळ?"

"आता कसं शहाण्यासारखं बोललास!" मावशी खूश झाली. "म्हणून त्या क्षणाच्या जवळ जवळ सरकत जायचं."

तिनं कुंपणावर खडूनं खुणा केल्या. गेउआनं पुन्हा चेंडू टाकला, रावूनं तो फोनवर टिपला. पहिल्या निम्म्या अंतराची सरासरी आली एकशे आठ. पाव अंतराची एकशे दहा. त्याच्याही निम्म्याची एकशे अकरा.

"आणखी निम्मं कर."

"एकशे साडेअकरा," रावू पुटपुटला. "याच्या पुढचं फोनला दिसत नाही."

"नको दिसू दे. आकडा आधी दोननं वाढला, मग एकनं, मग अर्ध्यानं. पोचणार कुठे?"

"एकशे बाराला!" गेउआच ओरडली. सगळा रस्ता हसला, रावूसुद्धा. "बरं बाई, भावाला सांगतो," म्हणत त्यानं चेंडू तिच्या हातात ठेवला.

त्या आकड्यानं गेउआला हिंमत आली. पुढच्या महिन्यात ती महिला संघाच्या निवडीला गेली, सोबत कोनियो. पहिला चेंडू घाबरून भलतीकडेच गेला. दुसऱ्याला वेग मोजायच्या यंत्रावर एकशे तेरा झळकले, आणि कोनियोनं अशी आरोळी ठोकली की निवड करणाऱ्या बाई म्हणाल्या, "आजी, जरा हळू!"

"हळू कशाला? पोरगी एकनं वाढली!"

गेउआची निवड झाली. दोघी मैदानातच गवतावर बसून पोट दुखेस्तोवर हसल्या.