बेडूक भिंतीत कसा शिरतो

माझी बायको कमळ भिंतीतून आरपार जाते, असं पोरीनं सांगितलं तेव्हा मी एवढंच विचारलं, "आणि हे किती दिवस चाललंय?"

सवयच तशी. न्हावा शेवाजवळच्या एका यार्डात मी कंटेनर तपासतो, बावीस वर्षं झाली. लोकांना वाटतं, दाराचं सील शाबूत म्हणजे माल शाबूत. डोंबल! हँडल दाराला जखडणारा रिव्हेट कापतात, सीलसकट हँडल बाजूला घेतात, माल काढतात, नवा रिव्हेट ठोकून वर रंग मारतात. म्हणून मी सील नंतर बघतो, आधी रिव्हेटवर नख फिरवतो. घरातही माझं तेच. दूधवाल्यापासून भावकीपर्यंत कुणावर म्हणून माझा भरवसा नाही.

कमळ तशी संशयी नाही. उरणजवळच्या आमच्या गावातून ती वीस वर्षं कोलंबी सोलायच्या शेडवर गेली. सोललेल्या मालाचं वजन फळ्यावर लिहायचे आणि पुढं टोकन नंबर. हिचा एकतीस. नाव कुणी कधी लिहिलं नाही. मग शेड बंद पडली, आमची अमिषा पनवेलला नोकरीला लागली आणि कमळ दुपारची रिकामी बसायला लागली. एकदा साफसफाईत माळ्यावरून अमिषाचा लहानपणीचा टीव्हीगेम निघाला. त्यात एक हिरवा बेडूक. उड्या मारत, खड्डे चुकवत किल्ल्यापर्यंत न्यायचा. मी यार्डात घाम गाळतोय आणि ही घरात बेडूक उडवतेय.

अमिषानं शोधून काढलं की हाच बेडूक कमीत कमी वेळात कोण पोचवतो याची जगभर चढाओढ चालते, आणि त्यासाठी गेममधल्या चुका हुडकून वापरतात. तिनं मला नीट समजावलं. बेडकाची बोटं भिंतीला टेकली की त्याच क्षणी त्याला उलटा वळवायचा आणि खाली बसवायचा. सेकंदाचे साठ भाग केले तर त्यातला एक भाग, तेवढ्यात. जमलं तर बेडूक अर्धा भिंतीत अडकतो. याला ठेवायचा कुठं ते गेमला कळत नाही, म्हणून तो त्याला पलीकडे ढकलून देतो. चावी न घेता, दार न उघडता बेडूक आत.

"म्हणजे चोरी," मी म्हटलं.

"चोरी कसली, बाबा? गेममधली चूक वापरायला परवानगी आहे. बाहेरून यंत्र लावलं, व्हिडिओ कापून जोडला, तर ती चोरी."

मला तर हे रिव्हेट कापण्यातलंच वाटलं. त्यातून कमळनं त्या चढाओढीला पाठवलेल्या व्हिडिओत तिन्ही भिंती पहिल्याच फटक्याला पार झालेल्या. जगाच्या यादीत तिचं नाव चौथं लागलं: कमळ, उरण. ते तिनं अमिषाकडून चार वेळा वाचून घेतलं.

आठवड्यानं यादी तपासणाऱ्या मंडळींचा निरोप आला. लागोपाठ तीन भिंती कुणालाच जमलेल्या नाहीत, व्हिडिओ जोडलेला दिसतो. रविवारपर्यंत हात आणि टीव्ही एकाच चित्रणात दाखवा, नाहीतर नाव काढून लबाड म्हणून नोंद करू. "जन्मात एकदा नाव लागलं, ते पण चोर म्हणून?" कमळ दोन दिवस एवढंच म्हणत राहिली. मला वाईट वाटलं. पण खरं सांगतो, मनात आलं की तपासणारी मंडळी हुशार आहेत.

रविवारी अमिषाला ड्युटी लागली. फोन धरायला मी. सकाळी दहाला बसलो. भिंत चुकली की पहिल्यापासून. दोन तास हेच. माझा दंड भरून आला आणि संशयही. तिचा उजवा हात दिसत होता, पण डावा पदराखाली. आणि तोंडानं सारखं काहीतरी पुटपुटत होती.

"काय बोलतेस गो?"

"मुंडी, साल, धागा," ती टीव्हीवरची नजर न काढता म्हणाली. "शेडवर कोलंबी अशीच सोलायचो. उडी, वळ, बस. त्याच ठेक्यात व्हतंय."

पहिली भिंत पार झाली. दुसरी पण. मी बघितलं, पदराखाली काहीतरी हलतंय. यंत्रच! बावीस वर्षांचा हात माझा, तो विचारायला थांबला नाही. एका हातात फोन धरून दुसऱ्यानं मी तिचा पदर उचलला आणि खाली चाचपलं.

तिचा डावा अंगठा होता. बर्फाच्या पाण्यात वीस वर्षं भिजून काळा पडलेला, पेरावर सुजलेला, नख वाकडं झालेलं. जगभरची माणसं बघणार म्हणून तिनं तो झाकला होता. माझा हात तिच्या हाताला लागत असतानाच तिनं तिसरी भिंत पार केली, बेडूक किल्ल्यात नेला, रिमोट खाली ठेवला आणि आत जाऊन भात लावला.

मंगळवारी अमिषानं निरोप वाचून दाखवला. व्हिडिओ मान्य, नाव कायम. वर त्यांनी लिहिलं होतं की फोन धरणाऱ्या माणसानं स्वतःच झडती घेतली, त्यामुळं आमच्या मनात आता काही शंका उरली नाही. अमिषा पोट धरून हसली. मीही हसणार होतो.

"त्यांनी मला कधी बघितलं न्हाय," कमळ म्हणाली. "त्यांचा भरवसा बसत नसला तर मला काय वाटत न्हाय. तुमी सत्तावीस वर्षं रोज बघता."

लाज वाटली, चांगलीच वाटली.

"चुकलं माझं, कमळ," मी म्हटलं. "पुन्हा न्हाय असं करणार."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, मी खरं बोलतोय का ते तपासत.