बिस्किटासाठी वर गेलेला हात

मी हात वर केला तो बिस्किटांसाठी. बशी टेबलाच्या त्या टोकाला, चेअरमनसाहेबांपुढे. ओरडून मागणं बरं दिसेना, म्हणून हात केला. नेमकं त्याच वेळी त्यांनी कमिटीला विचारलं होतं, या तडजोडीच्या बाजूनं कोण? माझा हात मोजला गेला. सात जणांत सहावा.

आता "सॉरी, मला बिस्किट हवं होतं" म्हणायला किती वेळ लागतो? मी म्हणालो नाही. कारण शेजारी बसलेले डॉक्टर मराठीत हळूच म्हणाले, "वा. समजूतदार आहात."

हे डॉक्टर पुण्याचे. आमच्या कंपनीच्या आरोग्य विम्याचे सल्लागार. ओळख होताना त्यांनी आडनाव विचारलं. मी सांगितलं. "हं," म्हणाले. तो "हं" मी गावापासून ओळखतो. मी इंग्लंडात, स्लाऊला आलो, तर तो माझ्याआधीच येऊन बसलेला. आणि त्याच तोंडातून आता "वा". पन्नाशीला आलेला माणूस मी, पहिल्या नंबरानं पास झाल्यासारखा फुललो.

तडजोड अशी. आमच्या गोदामात कामगारांना विमा आहे. कंपनीला तो बंद करायचा होता. युनियन नाही म्हणाली. मग मधला मार्ग निघाला. विमा राहील. पाठ, गुडघे, दात, सगळं राहील. बायकांचं तेवढं वगळायचं. गर्भाशयातल्या गाठी, पडलेला गर्भ, मूल व्हावं म्हणून घ्यायचे उपचार. टेबलाशी सहा पुरुष आणि कॅन्टीनची मॅनेजर बाई. तिनं एकटीनं हात केला नाही.

पॅकिंगच्या बायका मीटिंगला येऊच शकत नाहीत. मीटिंग त्यांच्या शिफ्टमध्ये असते. म्हणून त्यांनी मतं देऊन मला पाठवलं होतं. त्यांत माझी बायको.

घरी आलो तर ती सोफ्यावर टॉवेल अंथरून बसलेली. तिच्या गर्भाशयात गाठी आहेत. महिन्यातले दहा-बारा दिवस अंगावरून जातं. तशीच लाईनवर उभी राहते. काळीच पँट घालते. चक्कर आली की खोक्यांना टेकते. सरकारी हॉस्पिटलच्या यादीत तिचं नाव आहे, नंबर कधी लागेल ते कोणी सांगत नाही. विम्यातून ऑपरेशन व्हायचं होतं. फॉर्म मीच भरलेला, सुवाच्य अक्षरात.

"काय झालं मीटिंगला?"

"बिस्किटं बरी होती," मी म्हणालो.

पुढं पत्र आलं. आपल्या योजनेत हे उपचार आता बसत नाहीत. तिनं दोनदा वाचलं. "तुम्ही काय केलंत?" मी सगळं सांगितलं, बिस्किटासकट. ती हसली नाही. माझ्या विनोदांना हसणारं घरात तेवढं एकच माणूस.

दर जयंतीला विहारात भाषण माझं असतं. विषयही ठरलेला. ज्यानं आपल्याला माणसात आणलं, त्यानं मजूर बायकांना बाळंतपणाची रजा मिळावी म्हणून कायदेमंडळात कसा आवाज उठवला. टाळ्या पडतात. मी खाली बसून पाणी पितो. आणि एका "वा"साठी मी तेच विकून आलो. विकलं तरी कसं म्हणू? बशी माझ्यापर्यंत आलीच नाही.

पुढच्या मीटिंगला मी उभा राहिलो. माझा हात मागे घेतो म्हणालो. पुन्हा मतदान घ्या म्हणालो. डॉक्टर माझ्याकडे वाकले. हसत, मराठीत, म्हणजे बाकीच्यांना कळू नये असं: "अहो, नोकरी झाली, घर झालं. तरी तुमच्या लोकांचं मागणं काही सुटत नाही."

एरवी मी हसलो असतो. अपमान झाला की मी हसतो. फार जुनी सवय.

नाही हसलो. ते वाक्य जसंच्या तसं इंग्रजीत केलं. मोठ्यानं. "तुमचे लोक" म्हणजे कोण, तेही सांगितलं. माझं इंग्रजी त्या दिवशी अडखळलं नाही, असं लिहायला आवडलं असतं. तीनदा अडखळलं. पण वाक्य पुरं केलं. म्हणालो, हे मिनिट्समध्ये लिहा.

चेअरमन म्हणाले, "लेट्स नॉट मेक धिस पर्सनल."

"माय वाइफ इज ब्लीडिंग," मी म्हणालो. "इट इज पर्सनल."

मतदान झालं. पाच विरुद्ध दोन. तडजोड कायम. मिनिट्समध्ये एक ओळ आली: एका सदस्यानं आपलं मत बदललं. का बदललं, ते नाही. डॉक्टरांचं वाक्यही नाही.

घरी येऊन मी बायकोला सांगितलं. जरा लढाई मारून आल्यासारखंच सांगितलं. ती शिफ्टला निघाली होती. काळी पँट, पिशवीत दुसरी काळी पँट. बुटाची लेस बांधताना तिनं ऐकून घेतलं. मग उठली, भिंतीला हात लावून क्षणभर थांबली.

"अहो," म्हणाली, "यंदा जयंतीला तुम्ही बोलायचं नाही. मी बोलणार. तुमचा हात कशासाठी वर गेला, तिथून सुरू करणार. आणि कमिटीवर तुमच्या जागी मी उभी राहणार. मीटिंग शिफ्टमध्ये असते ना? लाईन बंद करून जाईन. सगळ्या जणींना घेऊन जाईन. तुम्ही खुर्च्या लावा."