काळा बोळ

लेक दहा महिन्यांची असताना माझ्या डाव्या स्तनात गाठ लागली. आंघोळीला साबण लावताना हात अडला. हरभऱ्याएवढी, घट्ट. सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "दूध साकळलंय गं. शेक घे, विरघळेल." मलाही तेच ऐकायचं होतं. तीन पोरं वाढवलेल्या बाईपुढे मी काय शहाणपणा करणार!

तीन आठवडे तव्यावर फडकं तापवून शेकत बसले. लेकीलाही त्याच बाजूला जास्त पाजायचं, कारण बाळानं ओढलं की गाठ सुटते. ती तोंड फिरवायची. "नखरेल मेली, आईवर गेलीय," म्हणून आम्ही हसायचो. ते हसू आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

वर्सोव्याची एक कोळीण दर बुधवारी आमच्या अंधेरीच्या बिल्डिंगमध्ये मासे घेऊन यायची. दारात पाटी उतरवताना तिला माझ्या हातातलं गरम फडकं दिसलं. काय झालं ते मी सांगितलं. वर कौतुकानं म्हटलं, "पण दुखत मात्र अजिबात नाही हं."

तिनं हातातला बांगडा पाटीत टाकला. "दुधाची गाठ असती तर बोंबलली असतीस, पोरी. माझी पाच बाळंतपणं झालीत. आजच्या आज डॉक्टरकडं जा."

न दुखणं हाच तर माझा सगळा धीर होता.

गाठीचा तुकडा तपासून आला. आमच्या घरात कुणी कॅन्सर म्हणेना, नवरा नुसतं "ते" म्हणायचा. मोठे डॉक्टर म्हणाले, लवकर सापडलंय. लवकर म्हणजे किती, हे विचारायची माझी छाती झाली नाही. ते म्हणाले, स्तन काढावा लागेल, आणि त्याआधी बाळाचं अंगावरचं तोडा. चार दिवस हातात होते.

सासूबाईंनी सहाणेवर काळा बोळ उगाळला. आमच्यात असंच तोडतात. तो कडूजहर लेप त्यांनी दोन्हीकडे लावला आणि स्वतःच डोळ्यांना पदर लावला. लेक हसत आली, तोंड लावलं, चेहरा वेडावाकडा केला. रडली नाही. माझ्याकडे बघत राहिली आणि पुन्हा आली. तिसऱ्यांदा मात्र किंचाळली. मी मरणार आणि हिच्या जिभेवर माझी हीच चव राहणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

ऑपरेशननंतर बारा दिवसांनी घरी आले. डावीकडे नुसतं बँडेज. सासूबाईंच्या कडेवरच्या लेकीपुढे मी उजवा हात केला. ती वाकली, माझ्या ब्लाउजपाशी नाक आणलं, ओठ गच्च मिटले आणि सासूबाईंच्या मानेला मिठी मारली.

"बघ, सवय सुटली की नाही," सासूबाई समजुतीनं म्हणाल्या. "वाटी-चमच्यानं पितेय. रात्री उठतसुद्धा नाही."

मी हो म्हटलं आणि खुर्चीत बसले. मी गेले तर हिचं कसं होईल, या भीतीनं महिनाभर माझा डोळ्याला डोळा लागला नव्हता. माझ्यावाचून हिचं काहीच अडणार नव्हतं. मला खरी भीती वाटली ती तेव्हा.