गोफणीचा दगड आणि माझं एक वाक्य

काळेलसर गेल्याचं कार्ड साताऱ्याला माझ्या हाती पडलं, तेव्हा मिरजेच्या दवाखान्यात त्यांनी डोळे मिटून आठवडा उलटला होता. शोकसभा मात्र व्हायची होती. एसटीनं सांगलीला गेलो. ज्या कॉलेजात आम्ही नऊ वर्षं बरोबरीनं शिकवलं, ते पदार्थविज्ञान आणि मी मराठी, तिथल्याच हॉलमध्ये सभा होती. प्राचार्य म्हणाले, "निसर्गही काटकसरी आहे, हे काळेलसरांचं वाक्य आपण कधी विसरणार नाही." सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. ते वाक्य काळेलसरांचं नव्हतं, माझं होतं. या गोष्टीला आता दीड महिना झाला.

काळेलसर माण तालुक्यातले, मेंढरं राखणाऱ्या घरातले. त्यांची आई ज्वारीच्या राखणीला शेतातल्या माळ्यावर उभी राहून गोफण फिरवायची. त्या गोफणीच्या दगडावर त्यांनी जन्मात एकच लेख लिहिला, तोही मी वार्षिकांकाचा संपादक म्हणून खनपटीला बसलो म्हणून. वर्ष दुष्काळाचं होतं. विषय किमान क्रियेच्या तत्त्वाचा. मला समजलं तर कुणालाही समजेल, असं मी म्हणालो होतो आणि त्यांनी ते फारच मनावर घेतलं. स्टाफरूमच्या टेबलावर खडूनं दोन टिंबं काढली.

"आई हितनं दगड सोडती, दोन सेकंदांनी तो तिथं पडतो. मधल्या वाटा किती? लय. आता एकेका वाटेवर क्षणाक्षणाला पळण्याच्या ऊर्जेतनं उंचीची ऊर्जा वजा करा, अन् सगळ्याची बेरीज मांडा, तीच क्रिया. दगड वर रेंगाळला तर बेरीज कमी होती. पण लय वर जायचं तर तेवढ्याच वेळात पोचाय जोरात पळावं लागतंय, मग बेरीज वाढती. ह्या दोन्हीचा मेळ जिथं बसतो, ती दगडाची वाट."

"पण दगडाला हे आधीच कसं कळतं?" मी विचारलं.

"त्येला काय बी कळत न्हाई. खरी वाट जराशी हिकडं-तिकडं सरकवून बगा, बेरीज जवळजवळ हलतच न्हाई. वाटीच्या तळाशी बोट सरकवल्यावर उंची हलत न्हाई, तसं. बाकीच्या वाटांवर हलती. एवढीच त्या वाटेची वळख."

मला हे कळलं, याचा मलाच इतका आनंद झाला की तिथंच घात झाला. लेखाचा शेवट मला कोरडा वाटला. त्या वर्षी जो तो काटकसरीवर भाषणं देत होता, आणि संपादकाचे हात शिवशिवतातच. प्रुफं तपासताना, त्यांना न विचारता, मी शेवटी लिहून टाकलं: 'यावरून दिसते की निसर्गही काटकसरी आहे; मग आपण का नसावे?' प्राचार्यांना ते इतकं भावलं की त्यांनी ते स्नेहसंमेलनात वाचून दाखवलं.

काळेलसर दुसऱ्या दिवशी अंक घेऊन आले. आवाज चढवणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. "हे माझ्या नावावर कशाला घातलंत, जोशीसर? काटकसर माझ्या आईनं केली. दगडाला काय पडलीय?" मग म्हणाले, "अन् हे चूक हाय. ह्या दगडाची बेरीज सगळ्यात कमी निघती, कबूल. पण दर ठिकाणी तसं होईलच, असं न्हाई. खिंडीच्या माथ्यावर उभं ऱ्हावा. तिथंबी पावलाभरात चढ-उतार कळत न्हाई. म्हणून खिंड म्हंजे तळ झाला व्हय?"

पुढच्या अंकात दोन ओळींची दुरुस्ती छापा, एवढंच त्यांनी मागितलं. मी हो म्हणालो. पण प्राचार्यांचं आवडतं वाक्य चुकीचं आहे असं छापायला पुढच्या वर्षी माझा हात धजावला नाही. त्याच्या पुढच्या वर्षी मी साताऱ्याच्या कॉलेजात गेलो. काळेलसरांनी पुन्हा कधी विचारलं नाही. चहा, गप्पा, सगळं पूर्वीसारखं चालू होतं. फक्त त्यांनी मला पुन्हा काही समजावून सांगितलं नाही... आणि ते मला लागलं. सांगली सोडताना माझी पुस्तकं खोक्यांत भरायला मात्र दुपारभर तेच होते.

सभेनंतर वहिनींना भेटायला गेलो. त्या म्हणाल्या, "भावजी, त्या अंकाचा ह्यांनी लय ध्यास घेतला होता. पोरांकडनं अंक मागून आणायचे, पट्टी लावून ती शेवटची ओळ खोडायची, अन् ज्याचा त्याला परत." कॉलेजच्या ग्रंथालयात जाऊन पाहिलं. तिथल्या दोन्ही प्रतींत पेन्सिलीची एकेक सरळ रेघ होती. मला लाज वाटली. जी दुरुस्ती मला एकदाच छापायची होती, ती हा माणूस एकेका प्रतीत हातानं करत हिंडला होता.

त्या दोन ओळी आता छापतो. निसर्ग काटकसरी आहे, असं काळेलसरांनी कधीही लिहिलं नाही. ते मी लिहिलं आणि ते चूक आहे.

साताऱ्याला परतल्यावर माझा अंक शोधला. त्यांनीच भरलेल्या, मी कधी न उघडलेल्या खोक्यात तो सगळ्यात वर होता. आत त्याच पानावर पेन्सिलीचं एक थोटूक ठेवलेलं. माझ्या प्रतीतली ओळ त्यांनी खोडली नव्हती. समासात बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'ही तुम्ही खोडा.'